परड्यातला पहारेकरी : हालचाल टिपून फोनवर फोटो पाठवणारा कॅमेरा घरी बनवताना

गेल्या श्रावणात आमच्या खुराड्यातून पंधरा दिवसांत चार कोंबड्या गेल्या. ना पिसं, ना रक्त, ना कुत्र्याचं भुंकणं. आई म्हणाली मुंगूस. शेजारचे तात्या म्हणाले कोल्हा. माझा संशय दोन पायांच्या जनावरावर होता, कारण दोनदा नेमक्या शनिवारच्या रात्रीच कोंबडी गेली होती. मग ठरवलं की वाद घालण्यापेक्षा फोटो काढू.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडे. मी बेळगावात उद्यमबागेत लेथवर काम करतो. इलेक्ट्रॉनिक्सशी माझा संबंध डाग देण्यापुरता. तरी हा कॅमेरा झाला, पण त्यात बऱ्याच रात्री गेल्या आणि एक बोर्ड जळाला. तुमचं तेवढं वाचावं म्हणून हे लिहितोय.

आधी एक खरं सांगतो. घराच्या दारावर नुसता कॅमेराच हवा असेल तर बाजारातला तयार घ्या आणि मोकळे व्हा. घरी बनवायचा तो अशासाठी, की चोवीस तासांचं चित्रीकरण नको आहे, काही हललं तरच फोटो हवा आहे, कंपनीच्या ॲपवर खातं उघडायचं नाही आणि बिघडलं तर स्वतः उघडून बघायचं आहे. दुसरी गोष्ट म्हणजे यातला कोड हा सगळ्यात सोपा भाग आहे. खरी परीक्षा वीज आणि जागा घेतात. म्हणून पायरी ६ आणि ७ घाईत वाचू नका.

साहित्य

- ईएसपी-३२ कॅम बोर्ड (कॅमेरा आणि वाय-फाय असलेला छोटा बोर्ड), एआय थिंकर पद्धतीचा, ओव्ही २६४० कॅमेऱ्यासह
- त्याच्याखाली बसणारा यूएसबीचा बोर्ड. दुकानात ‘एमबी’ म्हणून मागा
- एएम ३१२ पीआयआर सेन्सर, म्हणजे अंगाची ऊब ओळखणारा
- मादी-मादी टोकांच्या जंपर वायरी, आठ-दहा
- ५ व्होल्ट, २ अँपिअरचा चांगला चार्जर
- १००० मायक्रोफॅरडचा, १० किंवा १६ व्होल्टचा कपॅसिटर
- डेटा जाणारी मायक्रो यूएसबी केबल
- प्लास्टिकचा जंक्शन बॉक्स, सिलिकॉन, पारदर्शक ॲक्रिलिकचा तुकडा
- मल्टिमीटर. साधा, स्वस्तातला चालेल, पण हवाच

माझं सगळं मिळून बाराशेच्या आत बसलं, मल्टिमीटर सोडून. तो घरात होता. ऑनलाइन मागवताना पत्त्यात गावाच्या नावाआधी तालुका आणि ओळखीच्या दुकानाचं नाव टाका. आमच्या गावाचं नाव कानडीत एक, मराठीत एक आणि इंग्रजीत तिसरंच लिहिलं जातं. माझं पहिलं पार्सल गावाचं नाव सापडलं नाही म्हणून परत गेलं. दुसरं मी खानापूर स्टँडजवळच्या ओळखीच्या दुकानावर मागवलं.

पायरी १ : बोर्ड ओळखून घ्या

काडेपेटीपेक्षा लहान वस्तू आहे. यातल्या चिपमध्ये २४० मेगाहर्ट्झचे दोन कोअर आहेत, वाय-फाय आहे, वर २ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि एक झगझगीत पांढरा एलईडी. यूएसबीचं भोक मात्र नाही. म्हणून तो एमबी बोर्ड लागतो. कॅमेऱ्याची चपटी पट्टी काळ्या चिमट्यात बसते. चिमटा नखाने उचला, पट्टी सरळ आत सारा, चिमटा दाबा. तिरकी बसली तर पुढे ‘कॅमेरा इनिट फेल्ड’ असा संदेश येतो आणि माणूस दोन तास कोडमध्ये चूक शोधत बसतो.

बोर्डावर ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट अशा दोन वेगळ्या पिना आहेत. चार्जरची तार ५ व्होल्टलाच लावायची. माझा पहिला बोर्ड इथेच गेला. रात्री अकराची वेळ, चष्मा नव्हता, ५ व्होल्ट दिले ३.३ च्या पिनेला. धूरसुद्धा आला नाही, फक्त वास.

पायरी २ : संगणकाची तयारी

अर्डुइनो आयडीई, म्हणजे बोर्डात कोड भरायचं सॉफ्टवेअर, उतरवून घ्या. त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये बोर्डांच्या यादीचा पत्ता टाकायची जागा असते. एस्प्रेसिफ कंपनीच्या अधिकृत पानावरचा पत्ता तिथे चिकटवा. मग बोर्ड मॅनेजरमध्ये ईएसपी ३२ शोधा. दोन सारखी नावं दिसतील, त्यातलं एस्प्रेसिफ सिस्टिम्सचं घ्या, अर्डुइनोचं नको. ही उतरवणी मोठी आहे. मोबाइलच्या डेटावर करणार असाल तर सकाळी करा, संध्याकाळी आमच्याकडे नेट रांगतं.

बोर्डांच्या यादीतून ‘एआय थिंकर ईएसपी ३२ कॅम’ निवडा आणि पोर्ट निवडा. पोर्ट दिसतच नसेल तर दोनच कारणं बघा. एक, केबल नुसती चार्जिंगची आहे. घरातल्या निम्म्या केबली तशाच असतात. दोन, एमबी बोर्डावरच्या सीएच ३४० चिपचा ड्रायव्हर संगणकात नाही.

पायरी ३ : सेन्सर न लावता आधी चित्र बघा

सगळं एकदम जोडायचा मोह होतो. नका करू. आयडीईच्या उदाहरणांमध्ये ईएसपी ३२ खाली ‘कॅमेरा वेब सर्व्हर’ आहे, ते उघडा. कॅमेऱ्याच्या प्रकारांत एआय थिंकरची ओळ चालू करा, बाकीच्या बंद ठेवा. नव्या आवृत्तीत ही यादी शेजारच्या टॅबमध्ये असते. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड टाका आणि अपलोड करा. ‘पॅकेट हेडरची वाट बघून थकलो’ अशा अर्थाचा संदेश आला तर एमबी बोर्डावरचं आयओ ० बटण दाबून धरा आणि पुन्हा अपलोड करा. काही बोर्डांवर ते आपोआप होतं, काहींवर हाताने.

सीरियल मॉनिटर, म्हणजे बोर्डाचे संदेश दाखवणारी आयडीईची खिडकी, उघडा आणि तिचा वेग ११५२०० ठेवा. रीसेट दाबल्यावर तिथे टिंबांनी जोडलेल्या चार आकड्यांचा पत्ता उमटेल. तोच पत्ता फोनच्या ब्राउझरमध्ये टाका. फोन त्याच वाय-फायवर हवा. चित्र दिसलं की पहिला टप्पा पार.

इथला मोठा सापळा राउटरचा. हा बोर्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतो. राउटरवर ५ गिगाहर्ट्झच चालू असेल तर बोर्डाला तुमचं वाय-फाय दिसणारच नाही. दोन्ही बँड एकाच नावाखाली असतील तर राउटरमध्ये जाऊन २.४ ला वेगळं नाव द्या. फोनच्या हॉटस्पॉटवर करणार असाल तर तिथेही बँड तपासा. आणि हॉटस्पॉट कायमचा उपाय नव्हे. फोनचा मालक रविवारी बेळगावला गेला की कॅमेरा आंधळा. शिवाय आमच्या टेकाडावर फोन कधी इकडचा टॉवर धरतो, कधी गोव्याकडचा.

चित्र धूसर दिसतंय? भिंगाची गोल कडी फिरते, पण कारखान्यातून ती डिंकाने चिकटवलेली असते. ब्लेडच्या टोकाने डिंक खरवडा आणि चिमट्याने केसभर फिरवून बघा. मी खुराड्याच्या दारावर वर्तमानपत्र चिकटवलं आणि मथळा वाचता येईपर्यंत कडी फिरवत राहिलो.

पायरी ४ : टेलिग्रामचा बॉट

फोटो फोनवर यायला मला सगळ्यात सोपा मार्ग टेलिग्रामच्या बॉटचा, म्हणजे आपोआप संदेश पाठवणाऱ्या खात्याचा, वाटला. बॉटफादर नावाच्या खात्याला नव्या बॉटची आज्ञा द्या, नाव द्या. तो एक लांबलचक टोकन देईल. हे टोकन म्हणजे घराची किल्ली. कुणाला मदत मागताना कोडचा स्क्रीनशॉट पाठवाल तेव्हा ते झाका. चुकून गेलंच तर बॉटफादरकडूनच ते रद्द करून नवं घेता येतं. तुमचा स्वतःचा चॅट क्रमांकही लागेल, तो सांगणारे बॉट टेलिग्रामवरच सापडतात.

आता बहुतेकजण जिथे अडतात ती गोष्ट. बॉट स्वतःहून तुम्हाला पहिला संदेश पाठवू शकत नाही. आधी तुम्ही त्याच्या खिडकीत जाऊन ‘स्टार्ट’ दाबलं पाहिजे. ते केलं नाही तर कोड बरोबर, वाय-फाय बरोबर, आणि फोन मुका.

पायरी ५ : सेन्सर जोडा, मग झोप-जाग शिकवा

पीआयआर सेन्सर हालचाल बघत नाही, उष्णता बघतो. त्याच्या पोटात दोन कप्पे असतात. अंगाची ऊब एका कप्प्यासमोरून दुसऱ्यासमोर सरकली की तो ‘आलं’ म्हणतो. हे डोक्यात ठेवा, जागा निवडताना सगळं यावरच ठरतं.

दुकानदार बहुधा मोठा, पांढऱ्या घुमटाचा एचसी-एसआर ५०१ देतील. चांगला आहे, संवेदना आणि वेळ बदलायला त्याला दोन स्क्रूही आहेत. पण या बोर्डाच्या वाय-फायजवळ तो भुताने झपाटल्यासारखा वागतो, कुणी नसताना दर मिनिटाला फोटो. छोटा एएम ३१२ त्या मानाने शांत. त्याला तीन पाय आहेत. एक बोर्डाच्या ३.३ व्होल्टला, एक ग्राउंडला आणि मधला आयओ १३ या पिनेला. पायांचा क्रम सेन्सरवर छापलेला असतो तो बघून लावा, चित्र बघून नको. चालू केल्यावर अर्धा-एक मिनिट त्याला स्थिरावू द्या, तोवर तो उगाच ओरडतो.

मेमरी कार्ड पहिल्या कॅमेऱ्यात घालू नका. कार्डाचा खाचा हीच १३ नंबरची पिन वापरतो, मग सेन्सर आणि कार्ड दोघं भांडतात. १२ नंबरची पिन मोकळी दिसते म्हणून सेन्सर तिकडे नेऊ नका. चालू होताना ती पिन ‘वर’ असेल, म्हणजे तिच्यावर व्होल्टेज असेल, तर बोर्ड सुरूच होत नाही.

कोड इथे देत नाही. लायब्ररीची आवृत्ती बदलली की असा दिलेला कोड कुजतो. युनिव्हर्सल टेलिग्राम बॉट आणि अर्डुइनो जेसन या दोन लायब्ररी (तयार कोडचे संच) घ्या आणि क्रम असा बसवा : बोर्ड गाढ झोपेत, आयओ १३ ची पिन ‘वर’ गेली की जाग, कॅमेरा चालू, पहिली तीन चित्रं काढून टाकून द्या, चौथं पाठवा, परत झोप. पहिली चित्रं टाकायची कारण कॅमेऱ्याला उजेडाचा अंदाज यायला क्षणभर लागतो. ती काळपट किंवा हिरवट येतात. चित्राचा आकार ८०० गुणिले ६०० पुरे. जेपीईजीच्या दर्जाचा आकडा १२ ठेवा. इथे आकडा लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी, हे उलटं गणित लक्षात असू द्या.

झोपण्याआधी सेन्सरची पिन खाली येईपर्यंत थांबा. नाहीतर बोर्ड झोपतो, पिन अजून वरच असते, तो लगेच जागा होतो. माझ्याकडे एकदा एकाच बोक्याचे अठ्ठावीस फोटो आले.

पायरी ६ : वीज

टेबलावर कॅमेरा दोन दिवस सुरळीत चालला. परड्यात नेला आणि मेला. दर वेळी वाय-फाय जोडायच्या क्षणी बंद पडून पुन्हा सुरू. लॅपटॉप घेऊन कोंबड्यांशेजारी पाटावर बसलो, तर सीरियल मॉनिटरवर एकच ओळ पुन्हा पुन्हा : ब्राउनआउट डिटेक्टर (वीज कमी पडल्याची सूचना). आई कंदील घेऊन आली. “काय करूलालास रे रात्रीचं हितं?” मी म्हटलं, कोड बघतोय. तीन रात्री कोडच बघत होतो.

चौथ्या दिवशी मल्टिमीटर लावला. चार्जरच्या टोकाला ५.१ व्होल्ट. माझी पातळ तार पडवीतून परड्यापर्यंत बारा मीटर गेली होती, तिच्या दुसऱ्या टोकाला बोर्ड झोपेत असताना जवळपास तेवढेच. फोटो पाठवताना बघितलं तर ४.३. वाय-फाय चालू होताना बोर्ड एकदम जोराचा घोट घेतो, आणि बारीक, लांब तारेतून तेवढं पाणी येत नाही. नळाच्या शेवटच्या घराला जे होतं तेच.

इलाज तीन, आणि तिन्ही करा. पातळ यूएसबी केबल जोडत जोडत लांबवू नका, घराच्या वायरिंगची १ चौरस मिलिमीटरची तांब्याची जोडतार वापरा. कपॅसिटर बोर्डाच्या अगदी जवळ, ५ व्होल्ट आणि ग्राउंडच्या मध्ये लावा, तो थोडी वीज साठवून त्या घोटाच्या क्षणी देतो. त्याच्या अंगावरचा पट्टा उणे बाजू दाखवतो, उलटा लावला तर फुगतो किंवा फुटतो. आणि चार्जर नावाचा नको, कामाचा हवा. वर २ अँपिअर लिहिलेला एक चार्जर माझ्याकडे ओझ्याखाली ४.६ वर आला.

केबल कापून वापरणार असाल तर लाल म्हणजे अधिक, काळी म्हणजे उणे असं समजून चालू नका. मीटर लावून मगच जोडा. आणि २३० व्होल्टची लाइन परड्यात कोंबड्यांजवळ ओढू नका. चार्जर घरातच ठेवा.

वीज गेली की राउटर जातो, आणि राउटर गेला की कॅमेरा जागा असूनही मुका. पावसाळ्यात ही रोजचीच गोष्ट. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो घ्या.

बॅटरीवर चालवायचा असेल तर १८६५० चा लिथियम सेल, चार्जिंगला टीपी ४०५६ बोर्ड आणि व्होल्टेज ५ पर्यंत चढवायला एक बूस्ट बोर्ड. गणित आधी करा. हा बोर्ड गाढ झोपेतही साधारण ६ मिलिअँपिअर पितो, दोष चिपचा नाही, तिच्याभोवतीच्या सामानाचा. २५०० मिलिअँपिअर-तासांचा सेल कागदावर सतराएक दिवस चालतो. माझा दहाव्या दिवशी संपला. पॉवर बँक तर नकोच. इतका कमी प्रवाह दिसला की बहुतेक पॉवर बँका ‘कोणी नाही’ समजून स्वतःच बंद होतात.

पायरी ७ : डबा आणि जागा

पहिला डबा मी कुंद्याचा वापरला. प्लास्टिकचा, पारदर्शक झाकणाचा. दोन दिवस टिकला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा किंवा स्टीलचा टिफिन तर अजिबात नको, पत्रा वाय-फाय अडवतो. जंक्शन बॉक्स घ्या. कॅमेऱ्यासमोर ॲक्रिलिक लावा. सेन्सरसमोर मात्र काहीच लावू नका, काच किंवा ॲक्रिलिकमधून त्याला ऊब दिसत नाही. त्याचा छोटा घुमट डब्याच्या भोकातून बाहेर काढा आणि कडेने सिलिकॉन भरा. सेन्सर बोर्डाला चिकटवू नका, बोर्ड तापतो. वीतभर अंतर ठेवा.

तार डब्यात खालून न्या, आणि भोकाच्या आधी तिला खाली झोल द्या, म्हणजे तारेवरून आलेलं पाणी झोलाच्या तळाशी गळून पडतं. कणकुंबी-जांबोटी पट्ट्यातला पाऊस माहीत असेल त्याला हे जास्त सांगायला नको. चपलांच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या असतात, त्या टाकून देऊ नका, दोन डब्यात ठेवा. तरीही आषाढात भिंगावर आतून वाफ धरली तर डबा उघडून चुलीजवळच्या कोरड्या जागी तासभर ठेवा. महिन्यातून एकदा उघडून बघाच. माझ्या डब्यात मुंग्यांनी अंडी घातली होती.

आता जागा. सेन्सरला आडवं जाणारं लवकर कळतं, समोरून सरळ येणारं उशिरा. म्हणून वाटेच्या तोंडाशी नको, वाटेच्या बाजूला बसवा. माणसासाठी दोन मीटर उंची, पण मांजराएवढ्या जनावरासाठी गुडघाभर. एएम ३१२ तीन ते पाच मीटरपर्यंतचंच बघतो. उन्हाकडे तोंड नको. उन्हाने तापलेलं केळीचं पान वाऱ्याने हललं तरी फोटो येतो. आणि एप्रिलच्या भर दुपारी सेन्सर मंद वाटला तर तो बिघडलेला नाही, आसपासची भिंतच अंगाइतकी तापलेली असते, त्याला फरक दिसत नाही.

आमच्या घराच्या भिंती जांभ्या दगडाच्या, दीड फूट जाड. राउटर माजघरात होता तेव्हा परड्यात वाय-फायची एकच काडी यायची. राउटर मागच्या खिडकीत आणला आणि प्रश्न मिटला. बोर्डावर बाहेरच्या अँटेनाची जागा आहे, पण त्यासाठी तिळाएवढा एक रेझिस्टर उचलून फिरवावा लागतो. हात स्थिर असेल तरच त्या वाटेला जा.

रात्रीसाठी बोर्डावरचा एलईडी दोन-तीन मीटरच पोचतो आणि तापतो, त्याला फोटोपुरताच पेटवा. कोळ्याने भिंगासमोर एक धागा ओढला तरी त्या उजेडात सगळा फोटो पांढरा होतो. मी शेवटी खुराड्यावर ५ वॅटचा एलईडी बल्ब रात्रभर ठेवला. न दिसणाऱ्या इन्फ्रारेड दिव्यांचा या कॅमेऱ्याला फारसा उपयोग नाही, त्याच्या भिंगात ते किरण गाळणारी काच असते.

पायरी ८ : तोंड कुठे करायचं नाही

कॅमेरा शेजाऱ्याच्या दाराकडे, न्हाणीकडे, पाणवठ्याकडे वळवू नका. बाईमाणसाचं खाजगीतलं चित्र टिपणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी गावात राहायचं आहे. मी तात्यांना आधी नेऊन दाखवलं, कॅमेऱ्यात काय दिसतं ते. त्यांच्याच बाजूच्या कुंपणाचा कोपरा येत होता, तो डबा फिरवून काढला.

खानापूरच्या पश्चिमेला रान लागूनच आहे. भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय कॅमेरा बांधायला जाऊ नका. आणि फोटोत गवा किंवा अस्वल दिसलं तर बॅटरी घेऊन बघायला बाहेर पडू नका. दार लावून घ्या, सकाळी वनखात्याला कळवा.

पायरी ९ : पहिल्या आठवड्यात

पहिल्या रात्री झोपमोड होणार. फोटो येतील, बहुतेक घरच्या मांजराचे. लगेच सेन्सरला शिव्या देऊ नका. सकाळी सगळे फोटो वेळेनुसार बघा. ठरावीक वेळी रिकामे फोटो येत असतील तर ऊन किंवा दिवा. वाऱ्याच्या रात्री येत असतील तर फांदी. सारख्या अंतराने येत असतील तर वीज किंवा सेन्सरची तार सैल. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

आमच्याकडे पाचव्या रात्री, दोन वाजून दहा मिनिटांनी फोटो आला. उदमांजर. लांब शेपूट, खुराड्याच्या मागच्या फळीखाली अर्धं अंग आत. फळी आणि जमिनीमध्ये चार बोटांची फट होती, बाहेरून गवताने झाकलेली, आम्हा कुणाला दिसली नव्हती. दुसऱ्या दिवशी तात्यांनीच जाळीचा तुकडा आणला आणि आम्ही दोघांनी तो ठोकला.

त्यानंतरही ते येतं. आठवड्यातून एक-दोनदा फोटो असतो, जाळीपाशी नाक लावलेलं. आई सकाळी चहा ठेवताना माझा फोन मागते आणि आधी ते बघते.